ताम्हिणी घाटाची संपादनमीमांसा

अ‍ॅक्शन कॅमेरा म्हणजे तळहातात मावणारा, पाणी आणि आदळआपट सोसणारा, हेल्मेटला, छातीला किंवा दुचाकीच्या हँडलला जखडता येणारा असा कॅमेरा, की जो सुरू कसा करावा हे बहुतेकांना लवकर समजते आणि बंद केव्हा करावा हे सहसा कोणालाच समजत नाही. निक वुडमन यांनी 2002 साली स्थापन केलेल्या गोप्रो या कंपनीचा 2004 सालचा पहिला कॅमेरा फिल्मच्या रिळावर छायाचित्रे घेत असे, आणि 2006 साली त्याची जी डिजिटल आवृत्ती आली तीत एका वेळी केवळ 10 सेकंदांचे चलच्चित्रण होत असे. या 10 सेकंदांच्या काळाला या कलेचे सुवर्णयुग म्हणावयास हवे. कारण तेव्हा संपादनासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न कोणाला पडत नव्हता आणि नातेवाइकांनाही एकमेकांच्या घरी जाताना भीती वाटत नव्हती.

पुढे ही मर्यादा गळून पडली. आजचा कॅमेरा 4के दर्जाचे, म्हणजे 3840 गुणिले 2160 बिंदूंचे चित्रण सेकंदाला 100 मेगाबिट या वेगाने साठवू लागला, की तासाला 45 जीबी एवढा ऐवज जमा होतो. पावसाळ्यातील एखाद्या रविवारी पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरणारा दुचाकीस्वार चांदणी चौकातच कॅमेऱ्याचे बटण दाबतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक गतिरोधकाची, प्रत्येक टेम्पोच्या मागील बाजूची व टोलेजंग गृहसंकुलांच्या जाहिरातफलकांची इत्थंभूत नोंद होत राहते. वास्तविक कॅमेऱ्याची बॅटरी ही या कलेतील आद्य संपादक होय, कारण ती तास-दीड तासात मान टाकून उरलेला प्रवास परस्पर वगळीत असे. परंतु खिशात पॉवर बँक बाळगण्याची प्रथा रूढ झाल्यापासून तिचाही अधिकार संपुष्टात आला आहे.

घरी परतल्यावर कार्ड संगणकाला जोडले असता पहिला पेच फाइलींच्या नावांचा पडतो. एका फाइलचा आकार 4 जीबीपेक्षा मोठा होऊ न देणाऱ्या फॅट 32 या जुन्या साठवणपद्धतीचा वारसा म्हणून अनेक कॅमेरे लांब चित्रणाचे आपोआप तुकडे पाडतात, आणि गोप्रोच्या नामकरणात तुकड्याचा क्रमांक आधी व चित्रणाचा क्रमांक नंतर येतो. त्यामुळे 45 क्रमांकाच्या चित्रणाचे दोन तुकडे जीएक्स 010045 व जीएक्स 020045 अशा नावांनी नांदतात आणि नावांनुसार मांडणी केली, की त्या दोहोंच्या मध्ये 46 क्रमांकाचा पहिला तुकडा ऐटीत येऊन बसतो. परिणामी पडद्यावर पिरंगुट मागे पडते न पडते तोच मिसळ समोर येते, पहिला घास तोंडात जाण्यापूर्वी स्वार पुन्हा रस्त्याला लागलेला दिसतो, आणि थोड्या वेळाने तीच मिसळ, तर्रीसकट, उरलेली संपविली जाते. ज्यांनी हे तुकडे क्रम न तपासता जोडले त्यांच्या कृती पाहून काही प्रेक्षकांनी प्रयोगशील चित्रपटाची शंका घेतली, तर ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

या सामग्रीवर संस्कार करणाऱ्या सॉफ्टवेअरचे ढोबळ मानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग संगणकासोबत येणाऱ्यांचा. विंडोजच्या 2000 सालच्या आवृत्तीबरोबर आलेल्या मूव्ही मेकरने एका पिढीला बारशाच्या व मुंजीच्या चित्रणात पान उलटल्यासारखे दृश्यबदल घालावयास शिकविले. तो निवृत्त झाल्यावर मायक्रोसॉफ्टने 2021 साली विकत घेतलेले क्लिपचॅम्प आता त्या गादीवर आहे, तर अ‍ॅपलच्या संगणकांवर 1999 पासून आयमूव्ही हेच काम करीत आले आहे. दुसरा वर्ग मोबाइलवरील अ‍ॅपांचा. यांतील अनेकांच्या फुकट आवृत्तीत चित्राच्या कोपऱ्यात वॉटरमार्क, म्हणजे निर्मात्याची न पुसता येणारी मुद्रा उमटते आणि सह्याद्रीचा कडा त्या कंपनीच्या मालकीचा असल्याचा भास होतो. तिसरा वर्ग शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा, ज्यांची घडण सर्वांना खुली असते, ज्यांना मोल पडत नाही आणि म्हणूनच ज्यांच्याविषयी ‘यात नक्की काहीतरी गोम असणार’ असा संशय मराठी मध्यमवर्गाला येतो. चौथा वर्ग व्यावसायिकांचा, ज्यात दरमहा वर्गणी मागणारी सॉफ्टवेअरे येतात, आणि डाविंची रिझॉल्व्हसारखे, ज्याची मूळ आवृत्ती विनामूल्य असून स्टुडिओ नावाची वरची आवृत्ती एकदाच 295 डॉलर मोजून मिळते, असेही एखादे येते. पाचवा वर्ग ‘मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेले’ या नावाने प्रसिद्ध आहे. ते चालविण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि पुढे जे घडते ते संपादनाच्या नव्हे, तर संगणकदुरुस्तीच्या इतिहासात मोडते.

नवशिक्याचा ओढा बहुधा चौथ्या वर्गाकडे असतो, कारण फुकट मिळणारी वस्तू व्यावसायिकही असेल तर ती न घेणे व्यवहाराला धरून नाही, असे घरोघरी मानले जाते. डाविंची ही मुळात चित्रपटांच्या रंगसंस्करणासाठी नावाजलेली यंत्रणा असून ती 2009 साली ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने विकत घेतली. तिच्यात रंग कमी-अधिक करणारी चक्रे आहेत, आणि एकदा ती हाती आली, की आषाढातील मुळशी, जी निसर्गतःच हिरवी आहे, तिला आणखी हिरवी करण्यात गृहस्थाचा पुढचा रविवारही खर्ची पडतो. शिवाय अशा सॉफ्टवेअरला सक्षम ग्राफिक्स कार्ड लागते. मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर 4के चित्रण उघडले असता पंखा घरघरू लागतो व चित्र जागीच थिजते. यावर प्रॉक्सी हा उपाय आहे. मूळ चित्रणाच्या कमी दर्जाच्या प्रती करून त्यांवर काटछाट करावयाची आणि अंतिम चित्रफीत मात्र मूळ फाइलींतून तयार करून घ्यावयाची, अशी ही सोय असून ती शॉटकट व केडेनलाइव्हमध्येही विनामूल्य उपलब्ध आहे.

वास्तविक हेल्मेटवरील चित्रणाच्या गरजा मोजक्याच असतात. तोडणे, जोडणे, वाऱ्याचा घोंगाट बंद करून त्या जागी मोकळ्या परवान्याचे संगीत घालणे, आणि फारच झाले तर एखादे वळण संथ गतीने दाखविणे, एवढ्यात बहुतेकांचे भागते. संथ गतीचेही गणित सोपे आहे: सेकंदाला 60 चित्रे घेतली असतील आणि ती 30च्या गतीने दाखविली, तर हालचाल निम्म्या वेगाने दिसते, मात्र खड्डा चुकविण्याचा प्रसंग निम्म्या वेगाने दाखविल्यास प्रेक्षकाला थरार न वाटता स्वाराला खड्डा बराच आधी दिसला असावा असे वाटते. नुसत्या तोडण्यासाठी लॉसलेसकट हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरते. ते चित्रणाची नव्याने घडी न बसविता हवा तो भाग जसाच्या तसा उचलते, त्यामुळे तासाभराच्या चित्रणातील मिनिटभराचा तुकडा वेगळा करण्यास काही सेकंदच लागतात. त्याची एक अट एवढीच, की संकुचित केलेल्या चित्रणात पूर्ण चित्र ठरावीक अंतरानेच साठविलेले असते व मधल्या चित्रांत केवळ बदलांची नोंद असते. त्यामुळे काप त्या पूर्ण चित्रापाशीच नीट बसतो आणि सुरुवात किंचित मागे-पुढे सरकते.

तरीही संपादन अडते, आणि ते सॉफ्टवेअरवाचून नव्हे. प्रत्येक वळण घेताना स्वाराच्या पोटात गोळा आला होता, म्हणून प्रत्येक वळण त्याला अपरिहार्य वाटते. पण रुंद कोनाच्या भिंगातून पाहणाऱ्याला मात्र तीव्र उतार सपाट दिसतो, दरी कुठेतरी दूर राहते, आणि चौकटीचा बराच भाग पेट्रोलच्या टाकीने व्यापलेला असतो. दिवाणखान्यात टीव्हीवर हे दाखविले जात असता पाचव्या मिनिटाला आजी विचारते, ‘‘अरे, पण यात तू कुठे आहेस?’’ या प्रश्नाला उत्तर नसते, कारण हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला सारा मुलूख दिसतो, तेवढा हेल्मेटखालचा माणूस दिसत नाही. सातव्या मिनिटाला काका मोबाइल काढतात, आणि नवव्या मिनिटाला काकू ‘‘छान आहे हं’’ असे म्हणून पोहे परतावयास उठतात. संपादकाने शिकण्यासारखे जे काही आहे ते या तीन प्रतिक्रियांत आहे, आणि ते कोणत्याही वर्गणीत समाविष्ट नाही.

तेव्हा साधे व परवडणारे सॉफ्टवेअर कोणते, याचे उत्तर असे, की आधी लॉसलेसकटने कापावे, मग शॉटकटने जोडावे, तीन मिनिटांत थांबावे आणि खर्च शून्य रुपये मांडावा. हिशेब मात्र एवढ्यावर मिटत नाही. तीन मिनिटांची चित्रफीत तयार झाल्यावर उरलेले शंभरेक जीबी पुसून टाकण्याची वेळ येते, तेव्हा ज्या घरात दुधाच्या रिकाम्या पिशव्याही धुऊन ठेवल्या जातात त्या घरात ‘‘राहू दे, कधीतरी लागेल’’ हाच निर्णय एकमताने होतो, आणि सॉफ्टवेअरवर वाचलेल्या पैशांची हार्ड डिस्क येते.