उडाला का?

रात्रीचे साडेनऊ. ताईच्या सोसायटीच्या फाटकाशी एक गृहस्थ उभे आहेत. गळ्यात कॅमेरा, कानाला मोबाइल, आणि कॅमेऱ्याचं तोंड सरळ खाली डांबराकडे. ते बटण दाबतात आणि फोनमध्ये विचारतात, "उडाला का?"

चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, ताईची तुळस बाजूला सारून उभ्या केलेल्या स्टँडशेजारी मी. स्टँडवर फ्लॅश.

"उडाला."

गृहस्थ दहा पावलं मागे जातात. "आता?"

"उडाला."

हे आमचे भाऊजी. वॉचमनने मध्येच "साहेब, चावी पडली का?" म्हणत बॅटरी मारून सगळं डांबर शोधून दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सुनेला गच्चीवर पिटाळलं, कारण एप्रिल महिना, वीज चमकतेय, गडगडत मात्र नाही, आणि वर कुरडया झाकून ठेवलेल्या. मी "नाही उडाला" म्हणालो तेव्हा भाऊजी रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी पोचले होते. वर आले ते घामाघूम आणि प्रसन्न. वहीत नोंद झाली: "११७ पावले. मध्ये १ आंबा, १ ट्रान्सफॉर्मर."

ताईचा हॉल बारा बाय चौदा फूट आहे.

"भाऊजी, एवढी रेंज तुम्हाला लागणार कुठे?"

"अरे, लागत नाही रे. पण असावी."

ज्यांच्या घरात असं माणूस नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश समोरून थोबाडीत मारल्यासारखा उजेड टाकतो. चेहरा सपाट होतो, नाक नाहीसं होतं, आणि चांगला खातापिता माणूस आधार कार्डावरच्यासारखा दिसतो. म्हणून जाणकार फ्लॅश काढून बाजूला, स्टँडवर ठेवतात. आता लांब गेलेल्या त्या फ्लॅशला नेमकं कधी उडायचं हे सांगायला कोणीतरी हवं. हे सांगणारी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी म्हणजे ट्रिगर. तिचं काम मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींचं. क्षण तेवढा सांगायचा, पुढचा संसार ज्याचा त्याने बघावा.

ही डबी निवडायला भाऊजींना सात वर्षं लागली.

भाऊजी बँकेत कर्जविभागात होते. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी कुणाला ट्रॅक्टरचं कर्ज दिलं नाही. ताईशी लग्न ठरवण्यापूर्वी त्यांनी किती स्थळं पाहिली, हा विषय आमच्या घरी काढत नाहीत. निवृत्त झाल्यावर हे सगळं चातुर्य मोकळं झालं आणि ते फोटोग्राफीच्या अंगावर आलं. फोटोग्राफीच्या म्हणतो खरा, पण फोटो त्यांनी बेताचेच काढले. अशी माणसं प्रत्येक गावात असतात. कुणी दुर्बीण निवडत असतो, कुणी इन्व्हर्टर, कुणी घराचा प्लॉट. वस्तू घेतली की संपलं, म्हणून ती घ्यायची नसते. दुकानदार त्यांना लांबून ओळखतात आणि चहा मागवत नाहीत.

भाऊजींकडे लांबट लाल कापडी बांधणीची खतावणी आहे. तिच्यात डाव्या पानावर ट्रिगरचं नाव, उजवीकडे रकाने: रेंज, चॅनल, सेल, किंमत, आणि शेवटी "शेरा". एका शेऱ्यात फक्त "बटणे मऊ" असं आहे. दुसऱ्यात "दुकानदार उद्धट".

पहिल्या पानावर वायर आहे. सगळे वायरीपासूनच सुरू करतात. कॅमेऱ्याच्या अंगावर एक बारीक गोल भोक असतं, त्याला पीसी सॉकेट म्हणतात. त्या पीसीचा कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. प्राँटर आणि कॉम्पूर या दोन जर्मन शटरांची ती आद्याक्षरं. ही माहिती भाऊजी जेवणाच्या पंगतीत आपणहून देतात. पाच मीटर वायर त्यांनी आणली आणि तिच्यात आमचा मामा अडकून पडला. शेरा: "उत्तम. परंतु नातेवाईक."

मग आला डोळेवाला स्लेव्ह. दुसरा कुठला फ्लॅश उडालेला दिसला की हा उडतो. रेडिओ नको, वायर नको, सेलही जवळजवळ खात नाही. भाऊजी हरखले आणि तो घेऊन भाच्याच्या मुंजीला गेले. मुंजीत चाळीस पाहुणे, आणि तेव्हा प्रत्येकाच्या हातात छोटा डिजिटल कॅमेरा. कुणी कुणाचाही फोटो काढला की भाऊजींचा फ्लॅश उडायचा. काही माणसं पंगतीत विनोद न ऐकता हसतात, तसा. मातृभोजन होईपर्यंत सेल संपले, आणि बटूने भिक्षा मागितली तेव्हा एकटा भाऊजींचाच फ्लॅश गप्प होता.

यानंतर रेडिओ. इथे भाऊजींना गुरू लाभला. बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात काम केलेले डेव्हिड हॉबी नावाचे फोटोग्राफर २००६ पासून 'स्ट्रोबिस्ट' या नावाने जगाला शिकवत आले, की महागड्या स्टुडिओ दिव्यांवाचून, दोन लहान फ्लॅश, एक छत्री आणि थोडी अक्कल यांत काम भागतं. "आडनावच हॉबी आहे बघ," भाऊजी म्हणायचे. गुरूने स्वस्तात कसं भागतं ते बघा म्हणून सांगितलं होतं. शिष्याने त्यातला 'बघा' एवढाच भाग घेतला.

आणि बघायला होतंही पुष्कळ. पॉकेटविझार्डसारखे अमेरिकी ट्रिगर म्हणजे भरवशाचं घराणं, किंमत ऐकून ताईने गॅस बंद केला होता. याँगनुओ, फॉटिक्स, गोडॉक्स ही चिनी मंडळी त्याच्या कितीतरी कमी पैशात तेच काम करू लागली. नुसता साधा ट्रिगर फ्लॅशला 'उड' एवढंच सांगतो. शहाणा ट्रिगर किती जोरात उडायचं तेही मोजून सांगतो, त्याला टीटीएल म्हणतात, आणि त्याची पायाची पट्टी प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी लागते: कॅननला कॅननची, निकॉनला निकॉनची, सोनीची आणखी तिसरीच. भाऊजींनी या सोयरिकींचे तक्ते मांडले. दरम्यान वडिलांचा जुना व्हिव्हिटार २८३ माळ्यावरून निघाला. त्या जुन्या फ्लॅशांपैकी काहींच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, आणि काही डिजिटल कॅमेरे सहाच व्होल्ट सोसतात. भाऊजींनी मल्टिमीटर आणून मोजलं आणि दोन दिवस घरात कुणाला कपाटाजवळ जाऊ दिलं नाही. "मध्ये ट्रिगर हवाच," ते म्हणाले. निवडीला आता सुरक्षेचंही कारण मिळालं.

सगळ्यांत आवडती नोंद मोज्याची. २००९ च्या सुमारास पॉकेटविझार्डने टीटीएलवाला ट्रिगर काढला. कॅननचे काही फ्लॅश स्वतःच इतकी रेडिओ कुरबुर करत, की ट्रिगरला आपल्या माणसाचं ऐकूच येईना. त्यावर कंपनीने काढलेल्या उपायांतला एक म्हणजे फ्लॅशला घालायचा मोजा. खरोखरचा, लहरी अडवणाऱ्या कापडाचा. भाऊजी ही गोष्ट सांगताना भक्तिभावाने हात जोडतात. ताईने मात्र ऐकल्या दिवसापासून त्यांचे मोजे मोजायला सुरुवात केली.

पुढचा घोटाळा वेगळाच झाला. एका नामी कंपनीच्या ट्रिगरचा पाठवणारा भाग भाच्याने न्यूजर्सीहून आणला. ऐकणारा भाग भाऊजींच्या बँकेतल्या मित्राच्या लेकीने लंडनहून आणला, वापरलेला, निम्म्या किमतीत. दोन्ही काळे, दोन्ही एकाच आईची लेकरं वाटावीत असे. दोन्हींना सेल घातले, हिरवे दिवे लुकलुकले, आणि एकाने दुसऱ्याचं एक अक्षर ऐकलं नाही. अमेरिकेतला ३४४ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होता, युरोपातला ४३३ च्या. तिकडच्या सरकारांनी दोन वेगवेगळ्या पट्ट्या नेमून दिल्यात, त्याला कंपनी तरी काय करणार. भाऊजी दोन दिवस दोघांना शोकेसमध्ये समोरासमोर ठेवून बघत बसले. "सासू-सुनेसारखे आहेत," ताई म्हणाली. "घर एक, पट्टी वेगळी."

या काळात घरातलं कुणी समोर बसायला तयार होईना, म्हणून मॉडेल म्हणून नारळ आला. बार-स्टुलावर नारळ, डावीकडे पांढरी छत्री, उजवीकडे थर्माकोलचा तुकडा. फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई उरतो, हे त्यांनी नारळावर मोजपट्टी लावून पडताळलं. त्या नारळाची शेंडी, त्याचे तीन डोळे, करवंटीवरची प्रत्येक धार अशी काही उजळलेली असायची, की इतका देखणा प्रकाश महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या नारळावर पडला नसेल. दर आठवड्याला मॉडेलची चटणी व्हायची आणि नवं मॉडेल यायचं.

शेवटी डेक्कन क्वीनने मुंबई, बोरा बाजारात चार दुकानं, संध्याकाळी त्याच गाडीने परत, असे तीन दौरे होऊन एका चिनी कंपनीचा ट्रिगर घरी आला. २.४ गिगाहर्ट्झ, ३२ चॅनल, शंभर मीटर रेंज. फाटकावरची ती ११७ पावलं याचीच.

आणि लगेच मावसभावाच्या मुलीचं लग्न निघालं.

कार्यालयात वर स्टेज, मागे दोन भिंती ओलांडून जेवणाचा हॉल. मुलीकडच्यांनी ठरवलेला फोटोग्राफर होता. स्टेजच्या दोन बाजूंना दोन फ्लॅश लावून तो तयार. भाऊजी समंजस. म्हणाले, "त्याच्या कामात आपण नाही. आपण पदार्थांचे फोटो काढू." त्यांनी जिलबीच्या परातीशेजारी स्टँड लावला, छत्री उघडली, आणि बटण दाबलं.

जिलबी उजळली. त्याच क्षणी दोन भिंतींपलीकडे, विहिणींशी मानपानाचं बोलत असलेल्या गुरुजींच्या तोंडावर दोन बाजूंनी वीज पडली.

कारण साधं. स्टेजवरच्या फोटोग्राफरकडे त्याच कंपनीचा ट्रिगर होता, आणि तोही भाऊजींसारखाच एक नंबरच्या चॅनलवर. खोक्यातून काढल्यावर चॅनल बदलायचं असतं हे दोघांनाही सुचलं नव्हतं. मग पुढचा तासभर एक अजब कार्यक्रम चालला. इकडे भाऊजी मठ्ठ्याचा फोटो काढत, तिकडे नवरदेव डोळे मिटे. तिकडे फोटोग्राफर नवरीच्या मेंदीचा क्लोजअप घेई, इकडे जिलबीशेजारी फ्लॅश उडे. ताट वाढून घेणाऱ्या एका आजेसासूबाईंचा समज झाला की फोटो आपलाच निघतोय. त्या दर वेळी ताट खाली ठेवून पदर सारखा करत, आणि रांग थांबे.

अंतरपाट धरला गेला. स्टेजवरचा फोटोग्राफर बिचारा गुडघ्यावर बसून तो क्षण टिपायला सज्ज. मंगलाष्टकं संपत आली. भाऊजींनी नेमका त्या वेळी काकडीच्या कोशिंबिरीचा, वेगवेगळ्या कोनांतून, सहा फोटोंचा संच घेतला. अक्षता पडल्या तेव्हा त्या माणसाचे दोन्ही फ्लॅश पुन्हा भरायच्या नादात शीळ घालत होते, उडायला एकही तयार नव्हता.

तो घामाघूम होऊन खाली आला, इकडेतिकडे बघत. त्याने भाऊजींच्या गळ्यातली डबी पाहिली, मग परातीशेजारची छत्री पाहिली. मला वाटलं आता शब्द होणार. भाऊजींनी त्याचा हात धरला.

"तुमचे तिकडून उडत होते? दोन भिंतींमधून?"

"दर वेळी, काका."

"बघ," भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "पेपरवर शंभर मीटर लिहिलंय, पण भिंतींचं कुठे लिहिलेलं नव्हतं!"

त्या सज्जन मुलाने तिथल्या तिथे भाऊजींना दाखवलं की चॅनलशिवाय आयडी नावाचाही एक आकडा असतो, एक ते नव्व्याण्णव. तो आपल्या ट्रिगरला आणि फ्लॅशला सारखा लावून टाकला, की शेजारी कुणी काही करो, आपला फ्लॅश परक्याला ओ देत नाही. पुढचे तीन आठवडे भाऊजी आयडीचा आकडा निवडत होते.

त्यानंतर आला तो खरा दिवस. ताईच्या लेकीच्या मुलीचं बारसं, ताईच्याच हॉलमध्ये. बारा बाय चौदा. भाऊजींनी आदल्या रात्री पाळणा मधोमध टांगून घेतला, छत्री पंचेचाळीस अंशांत लावली, आणि पाळण्यात नारळ ठेवून चाचणी केली. "अहो, पाळण्यात आधी वरवंटा घालतात, नारळ नाही," विहीणबाई म्हणाल्या. भाऊजींनी मग वरवंट्याचाही एक काढला. दगडावर असा उजेड, तर नातीच्या गालावर कसा पडेल! त्या रात्री ते लवकर झोपले, असं ताई सांगते. सात वर्षांत पहिल्यांदाच.

सकाळी हॉल भरला. बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून बाळ फिरवलं, आत्याने वाकून कानात 'कुर्रर्र' केलं, बाळाने डोळे टक्क उघडले आणि चक्क हसलं. भाऊजींनी बटण दाबलं.

छत्री अंधारी. परत दाबलं. ट्रिगरचा पडदा काळा ठिक्कर.

भाऊजींनी मागचं झाकण सरकवलं. आत दोन रिकामे खळगे, तळाशी दोन स्प्रिंगा.

"अहो, ते मी घेतले रात्री," ताई पाळण्याची दोरी न सोडता म्हणाली. "एक घड्याळात घातला, एक टीव्हीच्या रिमोटात. घड्याळ पावणेचारला बंद पडलं होतं. बारशाला बंद घड्याळ बरं दिसतं का?"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. घड्याळ अगदी बरोबर चाललं होतं. तोवर जावयाने मोबाइलवर चार फोटो काढून ते सगळ्या नातलगांना पाठवलेसुद्धा.

भाऊजी क्षणभर रिकाम्या खळग्यांकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना लागलं असेल, म्हणून मी जवळ गेलो. त्यांनी मान वर केली. डोळ्यांत फाटकावरून परत येतानाची ती चमक होती.

"तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले, "सेलवाला घ्यायलाच नको होता. आता आत बॅटरी असलेले निघालेत, चार्जिंगचे. अगं, माझी वही कुठंय?"