फार घट्ट वळू नये

सिगारेट सुटलेला माणूस पुन्हा साधा राहत नाही. कुणी मॅरेथॉन पळायला लागतो, कुणी दुसऱ्यांच्या सिगारेटी सोडवत फिरतो. मी तार वळायला लागलो. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, टाकीतली कॉइल जळाली की इथे ब्रिटनमधल्या रेडिंगमध्ये दुकानात तयार कॉइल मिळते. ती आणून गपचूप बसवणारे लोक वेगळे. आम्ही घरी बांधणारे. हे मी अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हावडा पुलात माझा हात होता.

काम म्हणाल तर एवढंच. कांथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याची २६ गेजची तार ३ मिलिमीटर जाडीच्या सळईवर सहा वेढे गुंडाळायची, तिची दोन्ही टोकं स्क्रूखाली दाबायची आणि पोकळीतून कापूस ओवायचा. रोध ०.८ ओहमच्या आसपास येतो. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची, म्हणजे प्रवाह ५.२५ अँपिअर आणि शक्ती २२ वॅट. हा हिशेब मी पाहुण्यांना त्यांनी न विचारता सांगतो. बारावीला फिजिक्समध्ये किती मार्क पडले होते, ते विचारलं तरी सांगत नाही.

कापूस घालण्याआधी कॉइल तापवून बघायची असते. हा माझा आवडता क्षण. बटण दाबलं की लाली मधोमध उमटावी आणि दोन्ही कडांकडे सारखी पसरत जावी. एखादा वेढा आगाऊपणाने आधीच लाल झाला, तर चिनीमातीच्या टोकाच्या चिमट्याने वेढे हलकेच एकमेकांना भिडवायचे. एकदा लाली अगदी मनासारखी पसरली म्हणून मी दिवा मालवून बायकोला हाक मारली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "छान. आपला टोस्टर एका बाजूने तापत नाहीये. त्यातही तारच असते ना?" टोस्टर हे माझं क्षेत्र नाही, असं मी तिला शांतपणे सांगितलं.

पैसे वाचतात, हे या छंदाचं अधिकृत कारण. चिमटा, ओहममीटर, तार कापायची पक्कड आणि हे सगळं ठेवायला खणांची पेटी घेतल्यापासून मी तो विषय काढत नाही. त्यात १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. तेव्हापासून मी पर्यावरणवादीही आहे.

खरी गोष्ट कापसाची. मी मूळचा यवतमाळचा. आमच्याकडे कापसाला पांढरं सोनं म्हणतात. सोन्याचा भाव मात्र शेतकऱ्याने कधी पाहिला नाही. आणि मी इथे पौंड मोजून जपानी कापसाच्या चौकोनी घड्या विकत घेतो. पाकिटावर 'सेंद्रिय' लिहिलेलं असतं, ते वाचून धूर ओढणाऱ्याचं मन प्रसन्न होतं. असाच कापसाचा पेळू बोटांत धरून बसलो होतो, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काहून रे बापा, वाती वळून राह्यला का?"

हो म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या ते खरंच होतं. आईचा चेहरा असा उजळला की पुढचा तपशील देण्याची माझी छातीच झाली नाही.

मग तिने वर्गच घेतला. फुलवात वेगळी, समईची वेगळी. फुलवातीला खाली गोल बूड हवं, म्हणजे ती निरांजनात तुपात नीट बसते. शेंड्याला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. समईची वात लांब, सारख्या जाडीची. मध्ये गाठ राहिली तर ज्योत तिथे येऊन अडते. कापसात सरकीचा कण राहिला तर तडतड होते. एका चातुर्मासात तिने लाखवात केली होती. अख्खी एक लाख! दुपारी सगळे झोपले की ती खिडकीशी बसायची, परातीत वाती साठत जायच्या. आणि शेवटी तिने मला सांगितलं, "फार घट्ट नको वळू. तेल चढत नाही. अन् ढिली ठेवली तं सांडते."

मी थक्क झालो. आमच्या पंथात सगळा वाद याच एका मुद्द्यावर चालतो. कापूस घट्ट बसला की द्रव कॉइलपर्यंत पोहोचत नाही आणि जळक्या कापसाचा झुरका थेट घशात. सैल राहिला की टाकी खिशात गळते. यावर लोक तासतासभर व्हिडिओ करतात आणि त्यांना उस्ताद म्हणतात. आईने दोन वाक्यांत प्रकरण मिटवलं.

तिला मात्र उस्ताद कुणी म्हटलं नाही. बाबा अंगणात सायकलचं पंक्चर काढायला बसले की आम्ही भावंडं भोवती कोंडाळं करून बघायचो. आई वाती वळत असली की म्हणायचो, "बसलीच आहेस तर जरा पाणी दे." लाख वाती वळणारी बाई आमच्या लेखी बसलेली होती. मी सहा वेढे गुंडाळतो तर घरातला दिवा मालवून प्रेक्षक बोलावतो. हे आठवलं की झुरका गोड लागत नाही, मग कॉइल कितीही बेतशीर असो.

आता थोडं कामाचं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, सगळ्यावर बंदी आहे. तेव्हा यवतमाळला जाताना माझी पेटी इथेच राहते. आणि इथे हे सगळं कायदेशीर असलं तरी निकोटीन ते निकोटीनच. तार मी स्वतः वळली म्हणून ते मला काही सूट देत नाही. ज्यांना सिगारेटचं व्यसन नाही, त्यांनी या वाटेला मुळीच जाऊ नये. हातांना काही बारीक काम हवंच असेल, तर मूठभर कापूस घ्या आणि घरातल्या जाणत्या बाईसमोर शिकायला बसा. समईचा धूर निदान छातीत ओढावा लागत नाही.