मास्तरांचा सत्कार आणि फ्लेक्सचा घोळ

"काय वहिनी, नगरहून भाऊ आला होता म्हणे? गाडी दिसली दाराशी."

बीडमध्ये दाराशी गाडी दिसली की चौकशी आलीच. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी कंपाउंडची भिंत आहे. तिला टेकून जेवढ्या बातम्या कळतात, तेवढ्या पेपरात येत नाहीत. वहिनींचं माहेर राहुरीकडचं, कॅथलिक. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच, पण नाताळाच्या करंज्या अख्ख्या गल्लीला पुरतात.

"आला होता," वहिनी कपडे वाळत घालत म्हणाल्या. "बाबांचा सत्कार ठरलाय. जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढलीय. जन्म मिशनच्या शाळेत घातला ना त्यांनी! आता दादाला हॉल पाहिजे, आमदार पाहिजे, दहा बाय वीसचा फ्लेक्स पाहिजे. आणि बाबा अडून बसलेत. म्हणतात, घरात सात शाली पडल्यात, थंडी एकच आहे."

मी हसले तेवढ्यात तिसऱ्या घराच्या मावशी मेथीची जुडी घेऊन भिंतीशी आल्या. आमच्या गप्पा त्यांच्याशिवाय सुरू झाल्या तर त्यांना चालत नाही. "मिशनची शाळा म्हंजी फादर लोकांचीच ना? मंग सत्कार फादरचा करावा. मास्तरचा कशापायी?"

वहिनींनी चिमटे दोरीला लावायचे थांबवले. "मावशी, फादर बदलून जातात. मास्तर कुठं जातो?"

आणि मग त्या सुरूच झाल्या. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. त्याच सुमारास जेझुइट फादर राहुरीजवळ केंदळला आले, ते जर्मन. गावोगाव एकशिक्षकी शाळा निघाल्या. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. फादर जर्मन आणि राज्य इंग्रजांचं! शत्रू देशाची माणसं म्हणून त्यांना नजरकैदेत टाकलं, पुढे मायदेशी पाठवून दिलं. कैद्यांची छावणी तर नगरलाच होती.

"अगं बया! मंग शाळा?"

"शाळा मास्तरांनी धरून ठेवल्या. बाबांचे आजोबा त्यातलेच, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगतात. नंतर स्वित्झर्लंडचे फादर आले, मग आपल्याकडचेच आले. त्यांची नावं, फोटो, कबरी, सगळं जागेवर आहे. फादर हर्मन बाखर १९४८ ला आले, कित्येक वर्षं नगर जिल्ह्यात राहिले, पाणलोटाचं केवढं काम उभं केलं! त्यांना गावागावात ओळखतात, आणि ओळखायलाच पाहिजे. पण त्यांच्या आधी गावात जाऊन बसलेला मास्तर कुणाच्या लक्षात आहे?"

"मास्तर नुसता शिकवत असंल की."

"नुसता? सकाळी शाळा. संध्याकाळी प्रार्थना. फादर महिन्यातनं एकदा घोड्यावर नाहीतर सायकलवर यायचे, मधले सगळे रविवार मास्तरचेच. कुणाचं पत्र आलं, वाचून दाखव. कुणाची जमीन गहाण पडली, अर्ज लिही. कुणी गेलं, फादरला निरोप पोचेपर्यंत मयताजवळ बस. पगार म्हणाल तर आईला विचारा, ती अजून हसते."

वहिनींच्या बाबांना पुढे मोठी शाळा मिळाली, अनुदान आलं, पगार सुधारला. पण घरातला वेळ सुधारला नाही. शाळा सुटली की ते बोर्डिंगमध्ये. पोरांच्या पेट्या तपासायच्या, खरूज झालेल्यांना वेगळं झोपवायचं, गावाकडून महिनाभर कुणी भेटायला आलं नाही अशा पोराला बरोबर घेऊन जेवायचं. सप्टेंबरात ८ तारखेच्या आसपास हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते. तिथं हजारोंच्या गर्दीत वहिनींची आई नवऱ्याला शोधायची, आणि बाबा सापडायचे ते रसवंतीवर, जुन्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात.

"माझ्या शाळेच्या गॅदरिंगला ते एकदाही आले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी त्यांच्या शाळेत काहीतरी असायचंच. लहानपणी मला राग यायचा. अजून थोडा येतो. पण सत्काराला मी जाणार."

मावशींनी मेथीचं एक पान तोडलं आणि मनातलं बोलून टाकलं. "एक इचारू? राग नका मानू. त्या बोर्डिंगात पोरं बाटवत व्हते का?"

मी मावशींकडे डोळे वटारले. वहिनी मात्र शांत. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. "बाप्तिस्मा देणं फादरचं काम, मावशी. माझ्या बाबांनी पाढे दिले. तीसपर्यंतचे. ते मात्र एकालाही चुकले नाहीत. आणि वर्गात ख्रिस्ती पोरं असायची किती? बाकी सगळ्या जातींची. तुमच्या आष्टी-पाटोद्याची कितीतरी."

"आमची? तिकडं?"

"उसामुळे! प्रवरेचा सहकारी कारखाना निघाला १९५० ला, त्याच्या आधी हरेगावला बेलापूर कंपनी होतीच. तोडीला माणसं कुठून यायची?"

इथं मावशी गप्प झाल्या. मावशी गप्प होणं ही आमच्या गल्लीतली दुर्मीळ गोष्ट. मग म्हणाल्या, "आमीबी गेलतो लोणीकडं. दसरा झाला का मुकादम उचल द्यायचा, आन्‌ बिऱ्हाड गाडीत. पोरं फडात. म्हातारी घरी असंल तर पोरगं शाळंत टिकायचं, न्हाई तर कोयता हातात. आमच्या भावकीतला एक पोरगा तिकडंच कुठल्या तरी बोर्डिंगात ऱ्हायला. यष्टीत कंडक्टर झाला. आता रिटायर हाय, पेन्शनीवर."

"आता जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं आहेत," मी म्हणाले.

"आता हायती. तवा कुठं व्हती?"

मावशींचं हे बोलणं मला पटलं. बीडचे आई-बाप सहा-सहा महिने पश्चिमेला ऊस तोडतात, हे आज अहवालांतही येतं. पण अहवाल निघायच्या कितीतरी आधी कुठला तरी मास्तर एका पोराला म्हणाला असेल, 'तू थांब, तुझ्या बापाशी मी बोलतो.' कॅथलिक शाळेचा समाज म्हणजे रविवारी मिस्सेला येणारी घरं, असं आपण बाहेरून समजतो. वहिनींच्या बाबांच्या शाळेचा समाज मात्र त्या फडावरच्या कोप्यांपर्यंत पोचलेला होता.

आणि हे काही एकट्या मिशनचं नाही. माझं माहेर अंबाजोगाईचं, त्यामुळे मला राहवलं नाही. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून १९३५ ला अंबाजोगाईला आले, योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९३८ ला शाळा सोडून निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले. त्यांचं नाव मेडिकल कॉलेजला आहे, आणि ते असायलाच हवं. पण स्वामीजी शाळा सोडून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घंटा वाजवून चौथीचा वर्ग कुणी घेतला? मी अंबाजोगाईची असून मला सांगता येणार नाही.

"तेच म्हणते मी!" वहिनी एकदम म्हणाल्या. "बाबा जानेवारी २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला गेले होते. फादर दिब्रिटो अध्यक्ष. येताना इथं मुक्काम केला. मला वाटलं भाषणाचं सांगतील. तर म्हणाले, दिब्रिटोंना वसईत मराठी शिकवणारा मास्तर कोण असेल गं?"

"मंग आता सत्काराचं काय ठरलं?" मावशी मूळ पदावर आल्या. त्यांना कार्यक्रमाला यायचं होतं. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून नगरला रेल्वे सुरू झाली, पण मावशी अजून तिच्यात बसलेल्या नाहीत. एवढ्या वर्षांनी आलेल्या गाडीत बसायला काहीतरी निमित्त पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"बाबा कबूल झाले एकदाचे. आमदार चालेल म्हणाले, हॉलही चालेल. फक्त फ्लेक्सवरचा मजकूर ते देणार."

"मग झालंच की."

"कसलं झालं! त्यांनी नावं लिहायला घेतली. केंदळपासून आजपर्यंत ज्या ज्या मास्तरांनी गावच्या शाळा चालवल्या, त्यांची. आजोबांकडून ऐकलेली, रजिस्टरात सापडलेली, बायकांचीही. रोज दोन-चार आठवतात, की दादाला फोन. दादा इथं सुभाष रोडला फ्लेक्सवाल्याकडे जाऊन आला. तो म्हणतो, अक्षर यापेक्षा बारीक केलं तर कुत्रंसुद्धा वाचणार नाही. आणि बाबांचा फोटो टाकायला जागाच उरली नाही."

"आन्‌ आमदाराचा?"

"त्याचाही नाही."

मावशींनी निवडलेली मेथी पदरात गोळा केली. "मंग आमदार येत न्हाई बघा. हॉल बारका घ्या, भाडं वाचंल."