मांजरवाटेवरील मानकरी

अमुक पुढारी प्रकाशझोतात आले आणि तमुक नटी प्रकाशझोतातून दूर गेली, अशा वार्ता आमच्या वर्तमानपत्रांतून नित्य झळकत असतात. परंतु तो झोत पेटवून त्या पुढाऱ्याच्या वा नटीच्या मागे इमानेइतबारे फिरविणारा इसम कोण, तो कोठे उभा राहतो, आणि उभे राहण्यापुरती तरी जागा त्यास मिळते काय, अशी पृच्छा एखाद्या वार्ताहराने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्हीही ती केली नसती. परंतु गेल्या नवतप्यात, उन्हाळी शिबिराच्या समारोपात आमची नात नाचणार म्हणून आम्ही एका सभागृहात बसलो असता, आमच्या केशविरहित मस्तकावर वरून एक थेंब पडला. छप्पर गळते म्हणावे तर पावसास अजून पंधरवड्याचा अवकाश होता. वातानुकूलन यंत्रावर आळ घ्यावा, तर कपाळावरून ओघळत तो थेंब ओठांशी आला तेव्हा खारट लागला. हे सभागृह अमरावतीचे की अकोल्याचे, हे आम्ही सांगणार नाही. दोन्ही शहरांना परस्परांकडे बोट दाखविण्याची सोय राहावी, एवढाच त्यातील हेतू.

कार्यक्रम संपताच थेंबाचे उगमस्थान शोधण्याच्या बुद्धीने आम्ही भिंतीस जडलेल्या लोखंडी शिडीने छपराखालच्या एका पुलावर चढलो. या उंच, अरुंद लोखंडी पुलास रंगभूमीवरील मंडळी कॅटवॉक म्हणतात. परिभाषा सिद्ध करणाऱ्या एखाद्या विद्वानाच्या हाती हा शब्द सापडल्यास तो त्याची ‘मांजरवाट’ करील. पण मांजर हा विचारी प्राणी असल्यामुळे तो अशा वाटेस जाणार नाही. मूर्तिजापुराहून यवतमाळकडे व अचलपूरकडे जाणारी आमची शकुंतला अडीच फुटांच्या रुळांवरून धावत असे, आणि तिच्या अरुंदपणाची थट्टा उभ्या वऱ्हाडाने पिढ्यान्‌पिढ्या केली. ही मांजरवाट शकुंतलेहूनही अर्ध्या फुटाने अरुंद होती, आणि शकुंतलेत निदान बसावयास बाके होती.

“कायले चढले काका वरती? पडसान ना बाप्पा!” असे स्वागत करून तेथे बसलेल्या एका गृहस्थाने आम्हांस हात दिला. त्याच्या डोक्यास ओला दुपट्टा गुंडाळलेला होता आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. तीन तास लोखंडी जाळीवर गुडघे टेकून बसल्यामुळे दोन्ही गुडघ्यांवर त्या जाळीची शंकरपाळ्यांसारखी नक्षी स्पष्ट उमटली होती. पुढ्यात त्याचा तो फॉलोस्पॉट दिवा होता, ज्यास मंडळी लाडाने नुसते ‘फॉलो’ म्हणतात. दोन हजार वॅटचा हा दिवा म्हणजे तापमानाच्या हिशेबाने तोंडाशी धरलेल्या दोन पेटत्या इस्त्र्याच. त्यात उष्ण हवा वर चढते हा सृष्टिनियम, आणि थंड हवेचे झरोके प्रेक्षकांकडे तोंड करून बसविलेले हा मनुष्यनियम. बाहेर पंचेचाळीस अंश असताना छपराखाली किती अंश असावेत, हे मोजण्यासाठी तापमापक न्यावा असे आम्हांस वाटले होते. परंतु तो ठेवावयास जागा नव्हती.

या कामातील खरी मेख मात्र उष्म्यात नसून तोलात आहे. दिवा त्याच्या खुंटावर समतोल बसविलेला असला, तर तो एका बोटाने फिरतो. पण या दिव्याच्या शेपटाकडील वजन केव्हाचे हरवले असल्यामुळे त्याचे नाक सदैव खाली झुकत होते, आणि ते वर राखण्यासाठी हा मनुष्य त्याचे शेपूट संध्याकाळभर कोपराखाली दाबून धरीत होता. रंगमंच तेथून सुमारे वीस मीटर. एवढ्या अंतरावरून दिव्याची दिशा अवघी एक अंशाने ढळली, तर खाली झोत सुमारे पस्तीस सेंटिमीटर सरकतो. म्हणजे नायिकेचे मुख अंधारात लुप्त होऊन शेजारच्या कागदी फुलांच्या कुंडीस नायिकेचा मान प्राप्त होतो. आखडलेल्या कोपराने, घाम डोळ्यांत जात असता, आमच्या नातीच्या मागे तो झोत इतका अचूक धावला होता की तिचे चुकलेले प्रत्येक पाऊल आम्हांस स्वच्छ दिसले.

आम्ही म्हणालो, “एखादी खुर्ची का मागत नाही?” त्यावर तो निर्व्याज मुद्रेने उद्गारला, “खुर्ची ठेवली तं मी कुठी राहू, काका?”

वस्तुतः हा मनुष्य मोठ्या परंपरेचा वारस आहे. तमाशाच्या फडात नाच्याच्या मुखापाशी दिवटी धरणारा दिवट्या हा त्याचा पूर्वज. पण तो जमिनीवर चालत असे, मोकळी हवा खात असे, आणि दिवटीचा चटका नाच्यासही थोडा लागत असल्यामुळे उभयतांत एक प्रकारची समता होती. तिकडे विलायतेत १८३७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात कळीच्या चुन्यावर प्राणवायू व उज्जवायू यांची ज्योत सोडून जो शुभ्र प्रकाश पाडण्यात आला, त्या ‘लाइमलाइट’चे नाव पुढे कीर्तीस पर्यायवाचक ठरले, मात्र तो चुना एका जागी झिजू नये म्हणून ज्वाळेशेजारी बसून तो अखंड फिरविणाऱ्या मनुष्याच्या वाट्यास त्या कीर्तीतून काय आले, हे कोशकारांनी नोंदविलेले नाही. चुन्यानंतर कार्बनच्या कांड्या आल्या, त्यांचा धूर त्याने गिळला. कांड्यांनंतर विजेचे नवे दिवे आले, त्यांची धग त्याने सोसली. आता थंड प्रकृतीचे एलईडी आले आहेत, पण ते वऱ्हाडात पोहोचेपर्यंत त्याने काय करावे, याविषयी शासननिर्णय व्हावयाचा आहे.

आमचे वऱ्हाड नाट्यकलेविषयी उदासीन आहे, असे मात्र कोणी समजू नये. ज्यांना लोक वऱ्हाडचे नबाब म्हणत त्या दादासाहेब खापर्ड्यांचे हे अमरावती. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभि’ लिहिणारे वीर वामनराव जोशी याच अमरावतीचे. आणि नाटकांबरोबर विनोदाचाही पाया घालणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगाव आणि जळगाव-जामोदला वकिली केली, ती याच मुलखात. राज्य नाट्यस्पर्धेच्या दिवसांत आजही आमच्या गावांतील कारकून राजे होतात आणि शिक्षक खलनायक होतात. तेव्हा अशा रसिक प्रांतात एका स्टुलाची तजवीज होणे अशक्य नाही, या भ्रमाने आम्ही सभागृहाच्या व्यवस्थापन समितीकडे रीतसर अर्ज गुजारला. मागण्या पाच: पाठ टेकता येईल व उंची कमीजास्त करता येईल असे एक अरुंद स्टूल, दिव्याच्या शेपटास तोलाचे वजन, एक लहान पंखा, कठडा व कमरेस बांधावयाचा पट्टा, आणि विंगेतून सूचना ऐकण्यासाठी कानास लावावयाचे यंत्र, कारण सांप्रत त्या सूचना खोकल्याच्या द्वारा दिल्या जातात आणि प्रेक्षकांत कोणास पडसे झाले असता झोत भलत्याच पात्रावर जातो.

अर्जाची सुनावणी झाली. समितीचे एक वयोवृद्ध सदस्य म्हणाले की, बसावयास दिले म्हणजे मनुष्य झोपतो. आणि हे विधान त्यांनी गादीच्या खुर्चीत डोळे मिटून केलेले असल्यामुळे त्यास स्वानुभवाचा आधार होता. दुसऱ्या सदस्यांनी रंगभूमी ही साधना आहे, साधनेस क्लेश हे भूषणच होय, आणि पंखा देऊन आपण एका कलावंताच्या तपश्चर्येत विघ्न आणीत आहो, अशी भीती व्यक्त केली. त्यावर तो कलावंत नसून रोजंदारीवरील इसम आहे, सबब त्याची नोंद आपल्या दप्तरी नाही, असा खुलासा लिपिकाने केला, आणि तपश्चर्या करताना कलावंत पण पंखा मागताना रोजंदार, असे त्याचे दुहेरी स्वरूप सर्वानुमते मान्य झाले. तिसरे सदस्य संस्कृतज्ञ होते. ते म्हणाले की, भरतमुनींनी विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र अशी त्रिविध नाट्यगृहे सांगितली असून तिहींत मांजरवाटेचा निर्देश नाही. सबब जी जागा शास्त्रातच नाही, तीत बसण्याची सोय करणे प्रशस्त नव्हे.

येथवर आमचा पराभव सन्मान्य होता. परंतु आम्ही बहुश्रुतपणा मिरविण्याच्या मोहास बळी पडलो. आम्ही म्हणालो, तिकडे युरोपात आता वरचा दिवा आपण होऊन फिरतो, आणि तो चालविणारा खाली एका खोलीत उत्तम आसनावर बसून, पडद्यावर रंगमंच पाहत, दोन मुठींनी त्यास दिशा देतो. झेक देशातील एका कंपनीने ‘रोबोस्पॉट’ नावाने असे यंत्र काढले आहे. हे ऐकताच समितीत चैतन्य संचारले. असे यंत्र खरेदी करण्यास तत्त्वतः मंजुरी मिळाली, ते समक्ष पाहून येण्यासाठी अभ्यासदौऱ्याची उपसमिती नेमली गेली, आणि ज्या अर्थी यंत्र आज ना उद्या येणारच आहे त्या अर्थी तूर्त स्टुलावर खर्च करणे म्हणजे सार्वजनिक निधीचा अपव्यय होय, असा शेरा आमच्या अर्जावर मारण्यात आला.

तथापि समिती पाषाणहृदयी नव्हती. येत्या ५ नोव्हेंबरास, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’चे स्मरण म्हणून पाळल्या जाणाऱ्या मराठी रंगभूमी दिनी, या इसमाचा शाल व श्रीफळ देऊन यथोचित सत्कार करावा, असे ठरले, आणि तो झालाही. सत्कारमूर्ती स्वतः खाली आल्यामुळे वर दिवा धरावयास कोणी उरले नव्हते. म्हणून त्याने चढण्या-उतरण्याच्या घाईत दोरीने बांधून ठेवलेला झोत, अखेरपर्यंत न आलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीवर स्थिर राहिला. ती खुर्ची उंची कमीजास्त करता येईल अशी, पाठीस टेकू असलेली व उत्तम गादीची होती.

पुढे माघात एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमास गेलो असता जुन्या स्नेहाने आम्ही पुन्हा ती शिडी चढलो. पाहतो तो, सत्काराची शाल चौपदरी घडी होऊन जाळीवर अंथरली होती, तीवर आमचा मित्र मांडी घालून बसला होता, आणि दिव्याच्या शेपटास सुतळीच्या जाळ्यात घातलेले श्रीफळ लोंबत होते. दिव्याचे नाक झुकले नव्हते. एका बोटाने तो गायिकेच्या मागे हळुवार फिरत होता. आमच्या पाच मागण्यांपैकी दोन समितीने नकळत मंजूर केल्या होत्या. आम्ही गहिवरून त्याचे अभिनंदन करू लागलो, तेव्हा त्याने नारळ कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि चिंतेने म्हणाला, “पानी आटते ना काका याच्यातलं. वजन कमी व्हते. होळीलोक चालन, मंग दुसरा लागते.”

ही तांत्रिक अडचण आम्ही दुसऱ्याच दिवशी लेखी कळविली. समितीचे उत्तर परवा आले असून, सदर इसमाचा सत्कार यापुढे दर सहा महिन्यांनी करण्यास त्यात हरकत घेण्यात आलेली नाही. स्टुलाचा अर्ज दप्तरी दाखल आहे.