पाच स्क्रूंचा जमाना

माझ्या हयातीत मी चालवलेलं एकमेव पिस्तूल टिकल्यांचं. पत्र्याचं असायचं, भाऊबीजेपर्यंत तगलं तर नशीब. तीन टिकल्यांतली एक वाजायची आणि चापाशी बोट हमखास चिमटायचं. तरीही हल्लीचं प्लॅस्टिकचं दिसलं की मी नातवाला ऐकवतोच, "आमच्या वेळची पिस्तुलं काय दणकट होती!"

त्यामुळे मुलीकडे मॅसॅच्युसेट्सला गेलो असताना शेजारच्या आजोबांनी "स्मिथ अँड वेसन आता पूर्वीची राहिली नाही" असा सूर लावला, तेव्हा मी लगेच मान डोलावली. विषय काय ते नंतर कळलं. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांची भागीदारी १८५२ची, आणि पुढे त्यांचा कारखाना ज्या स्प्रिंगफील्डमध्ये वाढला ते गाव मुलीच्या घरापासून जवळच. आजोबांचा जन्म टूलरूममध्ये गेलेला. यंत्राबद्दल बोलताना त्यांचा आवाज आपल्याकडे माहेरच्या माणसांबद्दल बोलताना होतो तसा होई.

त्यांनी कपाटातून एक जुनं रिव्हॉल्व्हर काढलं. चक्र बाहेर पाडून ते रिकामं असल्याचं मला दाखवलं, स्वतः पुन्हा दोनदा पाहिलं आणि मग माझ्या हातात दिलं. वजनदार. पोलादावर अशी काळीनिळी झळाळी, की त्यात मला माझा चष्मा दिसला. मग त्यांनी मला स्क्रू मोजायला लावले. बाजूच्या झाकणपट्टीवर चार, चापाच्या कडीसमोर एक. पाच! आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आपल्याकडे पत्रिकेतले गुण जुळल्यावर पसरतं तसं.

या पाचांना शौकिनांच्या जगात मोठा मान. १९५५च्या सुमारास वरचा एक स्क्रू गेला, १९६१ मध्ये कडीसमोरचा गेला, उरले तीन. १९८२ मध्ये नळी जागच्या जागी धरून ठेवणारी आडवी पिन गेली. मॅग्नम काडतुसाच्या बुडाची कड आत लपावी म्हणून चक्राच्या प्रत्येक घराला कोरलेली खाच असे, तीही त्याच सुमारास गेली. २००१ मध्ये मालक बदलले आणि मग डाव्या अंगाला किल्लीचं एक बारीकसं भोक आलं. कुलूप हो, सुरक्षिततेसाठी! त्या भोकाला शौकीन मंडळी थेट हिलरी क्लिंटनबाईंच्या नावाने ओळखतात. एवढ्याशा छिद्रात एवढं राजकारण मावलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मालकांची कथा तर याहून सुरस. १९६५ मध्ये कंपनी ज्या बँगोर पुंटा समूहाकडे गेली, तो एक रेल्वे कंपनी आणि एक साखर कंपनी यांच्या लग्नातून जन्मलेला. १९८७ मध्ये ती टॉमकिन्स या ब्रिटिश समूहाने घेतली, आणि त्याने पुढे पाव बनवणारी कंपनीही विकत घेतली. बँगोर पुंटाच्या काळात माल घसरला, असं जाणकार सांगतात. साखरवाल्याच्या हाती पोलाद दिल्यावर दुसरं काय होणार, असा आजोबांचा भाव. आमच्याकडे साखरवाल्यांच्या हाती बँका, कॉलेजं आणि सरकारंही असतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. १९९०च्या दशकात घोडा आणि चाप यांसारखे भाग घडवण्याची रीत पालटली. आधी ते पोलादातून कोरून, कानशीने घासून बसवत. आता धातूची बारीक पूड चिकट द्रव्यात कालवायची, दाबाने साच्यात भरायची आणि भट्टीत भाजायची. आजोबा हे सांगत असताना आमची ही मध्येच मराठीत म्हणाली, "अहो, म्हणजे साच्यातले मोदकच की!"

एका वाक्यात सगळा वाद मिटला, निदान माझ्यापुरता. हाताच्या कळ्यांचा मोदक आणि साच्यातला मोदक यांत पोटाला काही फरक नाही. साच्यातला उलट फुटत कमी असेल. तरीही आजीच्या एकवीस मोदकांत प्रत्येकाची ठेवण निराळी असे, आणि ती पाहणाऱ्याला कळे. रिव्हॉल्व्हरचंही तेच. कारागिराची कानस महाग झाली आणि यंत्राची अचूकता स्वस्त. पॉलिश उतरलं हे मला मान्य. हत्यारच उतरलं, हे मात्र काही केल्या पटत नाही. त्या सोनेरी काळातच, १९४४ मध्ये, एका जहाजाच्या डेकवर याच कंपनीचं रिव्हॉल्व्हर हातून पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. त्यानंतर घोडा अडवणारा आतला पट्टा नव्याने रचावा लागला. तेव्हा स्क्रू पाचच होते.

आणि त्याही मागे गेलं तर १९०८चं 'ट्रिपल लॉक'. चक्र तीन ठिकाणी अडकणारं, कारागिरीचा कळस! महायुद्धात ब्रिटिशांना ते खंदकांतल्या चिखलासाठी फारच नाजूक, फारच घट्ट बसवलेलं वाटलं. १९१५ मध्ये तिसरी कडी गेली, आणि नळीखालची दांडी झाकणारं आवरणही गेलं. ट्रिपल लॉक बाळगणारे त्या वर्षी काय म्हणाले असतील याची मला पूर्ण कल्पना आहे. पाच स्क्रूंचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या लेखी कालचं पोरच!

हे मी आजोबांना हळूच सुचवून पाहिलं. त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून काढून घेतलं, फडक्याने माझ्या बोटांचे ठसे पुसले आणि कपाट बंद केलं.

त्या गणपतीत आम्ही त्यांच्याकडे अकरा मोदक पाठवले. हिच्या मनगटाला सूज असल्याने साच्यातले. एकेक मोदक चष्म्याजवळ धरून त्यांनी सगळ्या कळ्या तपासल्या आणि म्हणाले, असं हातकाम आता कुठे पाहायला मिळतं!