उन्हाळी हॅमॉकवाला

उन्हाळी हॅमॉकवाला हा अमेरिकेच्या पूर्व भागात सापडणारा भटक्या असून अ‍ॅपलेशियन ट्रेल हा त्याचा मुख्य अधिवास आहे. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत 14 राज्यांतून जाणाऱ्या या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या वाटेपैकी शनिवार-रविवार धरून तो वीसेक किलोमीटर चालतो. न्यू जर्सीत त्याची एक मराठी उपजात आहे. ती संगणकाच्या नोकरीत असते, कॉलेजात असताना राजमाचीला उघड्यावर सतरंजी टाकून झोपल्याचे अभिमानाने सांगते आणि आता दोन झाडांना नायलॉनची झोळी बांधून झोपते. तंबूत झोपणाऱ्यांना ती ‘जमीनवाले’ म्हणते. जमीनवाल्यांना दगड टोचतात, मुळे टोचतात, जोराचा पाऊस झाला की पाणी खालून येते. हॅमॉकवाल्याला यातले काहीच होत नाही. त्याला फक्त थंडी वाजते.

ही थंडी खालून येते. पांघरुणात ऊब धरून ठेवते ती त्यात अडकलेली हवा. स्लीपिंग बॅगेचा अंगाखालचा भाग वजनाने दबला की ती हवा निघून जाते आणि उरते नुसते कापड. जमिनीवर पाठीखाली निदान वारा नसतो. झोळीखालून तो रात्रभर वाहतो. त्यामुळे पारा 21 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 70 फॅरनहाइटच्या खाली गेला की बहुतेकांना अंगाखाली काहीतरी लागतेच. नेमका कुठला भाग आधी गारठतो हे हॅमॉकवाला चारचौघांत सांगत नाही. ‘पाठ’ म्हणतो.

हिवाळ्यात अंगाखाली काय घ्यायचे या प्रश्नाचा निकाल चटकन लागतो, कारण जिवाची भीती असते आणि भीतीपुढे ग्रॅम मोजले जात नाहीत. उन्हाळ्यात जीव जाणार नसतो, गेलीच तर झोप जाणार असते, आणि तेवढ्याच सवडीत हॅमॉकवाल्याची बुद्धी बहरते. पायथ्याच्या गावाचा रात्रीचा अंदाज 18 अंशांचा असतो. या वाटेवरच्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातली डोंगरधार तिथून सात-आठशे मीटर उंच, म्हणजे चार-पाच अंशांनी गार. पण निरभ्र, निवांत रात्री गार हवा उतरून खोलगट भागात साचते, तेव्हा ओढ्याकाठी मुक्काम केला तर धारेपेक्षाही जास्त कुडकुडायला होते. या सगळ्याचा हिशेब तो एक्सेलमध्ये मांडतो. उत्तर 10 ते 16 अंशांच्या मध्ये कुठेतरी येते, आणि नेमक्या याच पट्ट्यात बाजारातली प्रत्येक वस्तू पुरते किंवा पुरत नाही.

पहिला पर्याय फोमच्या चटईचा. ती स्वस्त असते, भिजत नाही, फुटत नाही आणि दुपारी बसायलाही होते. तिचा दोष असा की झोळीत ती एका जागी राहत नाही. मध्यरात्री कूस बदलली की ती पायांकडे जाते आणि सकाळी जवळपास उभी सापडते. जागेवर राहिली तरी झोळीचे कापड खांदे दोन्हीकडून आवळते, तेवढा भाग चटईबाहेर जाऊन गार पडतो आणि मधल्या भागाला घाम सुटतो. काही काटकसरी मंडळी मोटारीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदाच अंगाखाली घेतात. त्याचा आवाज शेजारच्या झाडापर्यंत जातो.

दुसरा पर्याय अंडरक्विल्टचा, म्हणजे झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला लवचीक दोरीने टांगायच्या रजईचा. ती अंगाखाली दबत नाही, म्हणून तिच्यातली हवा शाबूत राहते. तत्त्व निर्दोष आहे, आणि इथूनच खर्च सुरू होतो. पिसांची रजई हलकी. पण पूर्वेकडचा उन्हाळा दमट आणि ओलसर पिसे मलूल होतात. कृत्रिम तंतूंची रजई दमट हवेला दाद देत नाही, पण तेवढ्याच उबेला जड पडते. पिसांतही 800, 850, 950 असे फुगीरपणाचे आकडे असतात. एक औंस पिसे किती घनइंच फुगतात त्याचे हे माप. पाहुण्यांचा चहा संपेपर्यंत हॅमॉकवाला ते समजावून सांगतो. पाहुणे जमीनवालेही नसतात, हॉटेलवाले असतात.

त्यानंतर लांबीचा घोळ. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची पाऊण रजई घेतली तर शंभर-सव्वाशे ग्रॅम वाचतात आणि पायांखाली फोमचा तुकडा सारता येतो. तुकड्याचे वजन मात्र पुन्हा मांडावे लागते. मोजमाप स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर होते. “अरे, तो काटा आधी पूस, मला अनारशांचं पीठ मोजायचंय,” एवढाच घरातल्या दुसऱ्या पक्षाचा या चर्चेत सहभाग असतो. नाशिकहून व्हिडिओ कॉलवर आई विचारते, “घर असताना झाडाला कशाला टांगून घ्यायचं रे?” वाचलेल्या सव्वाशे ग्रॅमच्या जागी अर्धा किलो चिवडा जातो. तो ‘अन्न’ या वेगळ्या तक्त्यात धरतात.

एमा गेटवुड या बाईंविषयी या मंडळींना अपार आदर आहे. 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, त्या ही सगळी वाट एकट्याने चालून गेल्या. सोबत खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, लष्करी ब्लँकेट आणि न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. स्लीपिंग बॅग नव्हती. हॅमॉकवाला हा किस्सा वारंवार सांगतो आणि नव्या रजईची ऑर्डर नोंदवतो.

प्रत्यक्ष रात्री निकाल पिसांवर लागतच नाही, दोरीवर लागतो. रजई सैल टांगली की तिच्यात आणि झोळीत फट पडते, फटीतून वारा शिरतो आणि 950 चा आकडा कागदावर राहतो. फार ताणली तर ती झोळीला घट्ट चिकटून दबते आणि फोमपेक्षा वाईट ठरते. रात्र सर्वांत गार पहाटे होते, हे त्याला पाठ असते. त्याच वेळी तो मच्छरदाणीची चेन उघडून, कपाळाला दिवा लावून बाहेर येतो, दोरीची गाठ सोडतो, पुन्हा बांधतो आणि आत जाताना चार डास बरोबर नेतो. मग होते नव्हते ते अंगावर चढवतो, पावसाळी जाकीटसुद्धा. दहा पावलांवर एक जमीनवाला स्वस्तातल्या चटईवर चादर ओढून घोरत असतो.

रजई नीट टांगायला शिकण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे घराच्या अंगणात एक रात्र काढणे. तो करायचा राहून जातो, कारण टाउनहाऊसच्या झाडांना दोरी बांधायला असोसिएशनची मनाई असते. त्यामुळे परतल्यावर दोष दोरीकडे न जाता रजईकडे जातो आणि दुसरी मागवली जाते. ऑगस्ट उलटेपर्यंत कपाटात तीन जमतात. त्यांतल्या दोन, निम्म्या किमतीला आणि टपालखर्च स्वतः सोसून, नवशिक्यांना विकल्या जातात. तिसरी दिवाणखान्यात राहते. तिथला एसी 68 फॅरनहाइटवर असतो आणि सोफ्यावर मालिका बघताना ती घरातले कुणीही ओढून घेते. त्याबाबत आजवर एकही तक्रार आलेली नाही.