पीएसआयसाहेब

वेताळ टेकडीवर खाणीजवळ सायकल आडवी टाकून मी पाणी पीत होतो. मागून आवाज आला, "किती ठेवता?"

पुण्यात हा प्रश्न भाडेकरूंबद्दल विचारतात, म्हणून मी सावध झालो. "कोणाला?"

"पुढं किती, मागं किती? पीएसआय हो! हवेचा दाब."

"तसं काही ठरलेलं नाही. टणक होईपर्यंत भरतो."

गृहस्थांनी डोळे मिटले. दुधाबरोबर मासे खातो असं सांगणाऱ्या रोग्याकडे वैद्य पाहील, तसं मग माझ्याकडे पाहिलं. शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढावा तसा एक डिजिटल गेज काढला आणि माझ्या परवानगीची वाट न बघता पुढच्या चाकाला लावला. आकडा आला ४८.

"ही सायकल आहे का पाटा-वरवंटा?" ते म्हणाले. "वजन किती तुमचं?"

शेजारी चार बायका हात वर करून श्वास घेत होत्या. मी हळूच म्हणालो, "७२."

त्यांनी माझ्या पोटावरून एक नजर फिरवली. "७८ धरतो," म्हणाले आणि फुस्स करून हवा सोडायला लागले. सोडता सोडता व्याख्यान सुरू झालं. कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि जेवढा वेळ तो हवेत, तेवढा वेळ ना ब्रेक तुमचा ना हँडल तुमचं. नरम टायर खडा पोटात घेतो. पण फार नरम केला तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चेमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं शेजारीशेजारी पडतात. "ट्यूब आहे म्हणून ३० ठेवतो. ट्यूबलेस असती तर पुढं २१, मागं २३." एवढं बोलून ते गेले. नाव सांगितलं नाही, माझं विचारलं नाही.

मी उतरायला लागलो आणि पहिल्याच वळणावर कळलं की माणूस बरोबर बोलत होता. रोज माझे दात वाजवणारा तो उतार त्या दिवशी गादी घातल्यासारखा वाटला. त्यांचं बरोबर असतं, हीच त्यांची खरी अडचण आहे. चुकीचं बोलणाऱ्याला माणसं सांभाळून घेतात.

टेकडीवर त्यांना सगळे पीएसआयसाहेब म्हणतात. ते स्वतः एका सरकारी कचेरीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले, पोलीस खात्याशी संबंध फक्त हेल्मेटच्या पावतीपुरता. पण टेकडीच्या पायथ्याशी चहाची गाडी लावणाऱ्याला हे माहीत नव्हतं. सात-आठजण ज्याला पीएसआयसाहेब म्हणून हाक मारतात आणि जो फोनवर "पुढं एकवीस, मागं तेवीस, एकही जास्त नको" असं दरडावून सांगतो, त्याच्याकडून चहाचे पैसे घ्यायचे की नाही, हा निर्णय त्यानं अनुभवाच्या जोरावर घेतला होता. दोन महिने साहेब फुकट चहा पीत होते. लक्षात आणून दिलं तेव्हा खरोखरच वाईट वाटलं त्यांना. आपल्या देशात माउंटन बाइकिंगला हळूहळू मान मिळतोय, असं ते समजत होते.

साहेबांची मतं काळाप्रमाणे बदलतात, ठामपणा बारमाही. आमची ओळख झाली तेव्हा चाकाच्या मापाचं युद्ध पेटलेलं होतं. मूळ माप २६ इंचांचं. त्याचा उगम सांगताना साहेबांचा आवाज कीर्तनकारासारखा खाली येतो. कॅलिफोर्नियातला पाइन माउंटन. १९७६ साल. जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली उतारावरून सोडण्याची शर्यत. मागच्या चाकाला उलटं पेडल मारून लावायचा ब्रेक, तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक'. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी तिथलीच. पेठेतल्या आमच्या सायकलवाल्या काकांना त्यांनी ही कथा सांगितली, तेव्हा काका चाकाचा आउट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे छर्रे बदलायचे पैसे नव्हते त्यांच्याकडे." त्यानंतर महिनाभर साहेब त्या दुकानात गेले नाहीत.

तर २६ हे वेदवाक्य. मग बाजारात २७.५ आलं आणि २०१२ च्या मोसमात स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर त्यावर विश्वचषकाच्या फेऱ्या जिंकू लागला. साहेबांनी एका रात्रीत धर्म बदलला. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये कुल्हावीनं २९ च्या चाकावर शुर्टरला अवघ्या एका सेकंदानं मागं टाकून सुवर्णपदक नेलं. आता एखादा गप्प बसला असता. साहेबांनी तो एक सेकंद दोन वर्षं पुरवला. शेवटच्या वळणावर कोण आत होता, कोण बाहेर, हे ते चहाच्या टेबलावर साखरेच्या दाण्यांनी मांडून दाखवत. पुढं शुर्टरनंच २९ घेतलं. "मी तेव्हाच म्हटलं होतं," साहेब म्हणाले. आम्ही कोणी काही बोललो नाही. जुने २६ चे रिम आज त्यांच्या गॅलरीत आहेत. एकावर तोंडलीचा वेल चढलाय, दुसरा कारल्यासाठी राखीव आहे.

त्यांच्या घरी गेलं की दिवाणखान्यात सोफ्याच्या जागी तीन सायकली दिसतात. पाहुणा कोण आणि घरचं कोण हे सायकली ठरवतात. आपण स्टुलावर बसायचं. स्वयंपाकघरात मात्र वहिनींचं राज्य आहे आणि तिथंच दर तीन आठवड्यांनी सरहद्दीचा तंटा होतो. कारण साहेब साखळीला तेल घालत नाहीत, मेण देतात. तेल धुळीला धरून ठेवतं, धूळ आणि तेल मिळून कानस तयार होते आणि ती कानस साखळी खाते, हा त्यांचा सिद्धांत. (हाही बरोबरच आहे. काय करणार!) म्हणून साखळी आधी पेट्रोलमध्ये खळखळून धुवायची, वाळवायची आणि मग पातेल्यात वितळलेल्या पॅराफिनमध्ये अनारसा सोडावा तशी अलगद सोडायची. बुडबुडे येईनासे झाले की मेण आत शिरलं. मग आच बंद. वर साय धरायला लागली की साखळी तारेनं उचलून टांगायची.

"पातेलं वेगळं ठेवलंय यांनी," वहिनी मला म्हणाल्या. "पण गेल्या खेपेला झारा माझा घेतला. त्या दिवशीच्या बुंदीचा एकेक दाणा सुटा पडला. पाहुण्यांनी कृती विचारली. मी काय सांगू?"

साहेब आतून ओरडले, "घर्षण कमी झालं म्हणून!"

मृग लागला की मेणाचं काम थांबतं, कारण पाऊस मेण धुऊन नेतो. मग जाडं तेल निघतं. एरवी साखळीची झीज मोजायला ते धाकट्या मुलीच्या कंपासपेटीतली जुनी स्टीलची पट्टी वापरतात. नव्या साखळीचे चोवीस सांधे बरोबर बारा इंच भरतात. ते इंचाच्या सोळाव्या भागाइतके वाढले की साखळी बदलायची. नाहीतर ती दात्यांना घेऊन बुडते. तीच पट्टी त्यांनी एकदा माझ्या साखळीला लावली. मग पट्टी खिशात ठेवून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत. इतका वेळ गप्प असलेले साहेब मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

शर्यती पाहण्याची त्यांची रीतही वेगळी. टोकियो ऑलिंपिकची शर्यत २०२१ च्या जुलैत झाली. मॅथ्यू व्हॅन डर पूल मोठ्या खडकावरून खाली कोसळला. सरावाच्या वेळी त्या खडकाखाली उतरायला लाकडी फळी होती, ती शर्यतीच्या दिवशी असेल असं समजून तो आला आणि फळी नव्हती. आम्ही हळहळलो, साहेब उसळले. "पुण्यात वाढला असता तर पडला नसता! आपल्याकडं काल नसलेला खड्डा आज असतो. आपण गृहीत धरतो का काही?" सुवर्णपदक टॉम पिडकॉकला मिळालं. त्याच्या सायकलवर कंपनीचं नाव नव्हतं, रंगानं झाकलेलं होतं. साहेबांनी नळ्यांच्या सांध्यावरून ती बीएमसी असल्याचं ओळखलं आणि त्या दिवशी जिंकल्याचा खरा आनंद पिडकॉकला झाला की साहेबांना, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०२४ ला पॅरिसमध्ये पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, तरी तो पाठलाग करत आला. शेवटच्या फेरीत एका झाडाच्या एका बाजूनं फ्रान्सचा कोरेत्झकी, दुसऱ्या बाजूनं हा; आणि हा पुढं. सगळं घर उभं राहून ओरडत होतं. साहेब तिकडं पाहतच नव्हते. ते फोनवर चाक बदलण्याचा प्रसंग सतराव्यांदा बघत होते. "हे बघा, एक्सल कसा काढला. एकदा तरी हात अडखळला का? सोनं इथं मिळालं. पुढचं नुसतं पळणं."

आता तुम्ही विचाराल, हे स्वतः कधी शर्यतीत उतरतात की नाही. मीही विचारलं होतं. त्यावर दोन वर्षं कारणं ऐकली. एकदा हँडलचा स्टेम १० मिलिमीटर लांब होता, एकदा सीट खाली-वर करणारा पोस्ट मध्येच अडकत होता, एकदा खालच्या बेअरिंगमधून कुरकुर येत होती आणि ती डाव्या बाजूची की उजव्या, याचा निकाल लागला नव्हता. अखेर एका पावसाळ्यानंतर मुळशीच्या बाजूला एक छोटी शर्यत निघाली, पन्नाशीपुढच्यांचा गट होता आणि वहिनींनी परस्पर पैसे भरून टाकले. घरात चार दिवस शांतता मिळावी एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती फळली नाही. चारही दिवस प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं तपासला जात होता. पाच न्यूटन-मीटर झाले की टक् असा आवाज येतो. वहिनींना तो झोपेतही ऐकू यायला लागला.

शर्यत २२ किलोमीटरची. सात वाजता सुटले, साडेनवाला बहुतेक सगळे परतले. दहाला बक्षिसं वाटली. साडेदहाला पोहे संपले. साहेबांचा पत्ता नाही. त्या खोऱ्यात फोनला रेंज नव्हती. मांडववाले खुर्च्या एकात एक घालायला लागले तेव्हा मला धडकी भरली. आयोजकांतला एक पोरगेला मुलगा होता. त्यानं थोडं वर चढून रेंज मिळवली आणि तालुक्याच्या ठाण्याला फोन लावला. घाबरलेल्या माणसाला नाव आठवत नाही. तो म्हणाला, "आमचे पीएसआयसाहेब डोंगरात हरवलेत."

खात्याचा माणूस हरवलाय म्हटल्यावर जीप किती वेगानं येते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्याच जीपमधून आम्ही शोधायला निघालो. आत खरेखुरे पीएसआय, दोन हवालदार आणि मी. मी खुलासा करायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा जीप खड्ड्यात गेली. चौथ्या वळणावर साहेब दिसले. पिंपळाच्या पारावर हत्यारं मांडून बसलेले. समोर एक तरुण स्पर्धक उकिडवा. साहेब त्याच्या मागच्या गिअरचा वाकलेला हँगर सरळ करत होते आणि सांगत होते, "एकटा असशील तर साखळी लहान करून एकाच गिअरवर ये, पण चालत येऊ नकोस."

हा आठवा. वाटेत ज्याची ज्याची सायकल अडली, त्या प्रत्येकापाशी साहेब थांबले होते. तीन पंक्चर, एक तुटलेली साखळी, बाकी नुसती कुरकुर. दोघंजण तर बिघाड नसताना केवळ धापा टाकत उभे होते. त्यांच्या टायरमधली हवा साहेबांनी बदलून दिली. आणि प्रत्येकाला निघताना सांगितलं होतं की, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं परक्या संघाच्या माणसाकडून वाटेत मदत घेतली तर स्पर्धक बाद होतो, तेव्हा आता तू बाद आहेस, सावकाश जा.

जीप थांबली. खरे पीएसआय खाली उतरले, टोपी नीट केली, चिखलानं माखलेल्या त्या मूर्तीकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "साहेब, कुठल्या ठाण्याला आपण?"

साहेबांना प्रश्न ऐकूच आला नाही. ते जीपच्या मागच्या डाव्या चाकाकडं बघत होते. उठले, चाकाशी वाकले, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि खिशातून गेज काढला.

"किती ठेवता?" त्यांनी विचारलं.

हवालदार ताठ उभा राहून म्हणाला, "दोन अधिकारी आणि अकरा शिपाई, सर."